आम्ही आणि आपण

इंग्रजी शिकवणारे आमचे एक मित्र थट्टेने म्हणत, की मराठीत सर्वनामांची उधळपट्टी फार. इंग्रजीचे जिथे एका 'वुई'त भागते, तिथे मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द लागतात. आम्ही त्यांना सांगत असू, की ही उधळपट्टी नव्हे, हिशेब आहे. घरी आलेल्या पाहुण्याला 'आम्ही जेवायला बसतो' म्हटले, तर तो बिचारा चपला शोधू लागतो. 'आपण जेवायला बसू' म्हटले, तर हात धुवायला उठतो. ऐकणारा आत की बाहेर, हे मराठी माणसाला तोंड उघडतानाच ठरवावे लागते. तमिळ-तेलुगूत हा भेद आहे, गुजरातीत आहे. प्रमाण हिंदी मात्र 'हम'वरच निभावून नेते.

पण 'आपण'ची गंमत एवढ्यावर संपत नाही. हाच शब्द समोरच्याला आदराने संबोधण्यासाठीही वापरतात. 'आपण यावे' यात बोलणारा कुठेच नसतो, असतो तो फक्त ऐकणारा. म्हणजे एकाच शब्दाने माणसाला आपल्या पंक्तीला बसवता येते, आणि त्याच शब्दाने, अतिशय अदबीने, दाराबाहेरही काढता येते. वाक्याचा शेवट येईपर्यंत यातले काय घडणार आहे, हे कळत नाही.

लेखात स्वतःला 'आम्ही' म्हणण्याची आमची खोड जुनी आहे. या विषयाला ती सोयीची पडते. कारण इथे जे सांगायचे आहे त्यात आम्ही नेमक्या कोणत्या बाजूचे, हे आम्हांला आजही नीट सांगता येत नाही.

या दोन सर्वनामांचे वजन आम्हांला व्याकरणाच्या तासाला कळले नाही. ते कळले ठाण्याच्या वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात. मराठी विषय घेऊन एम. ए. झालो होतो. प्राध्यापकीच्या मुलाखतींना जायचे आणि आधीच ठरलेले नाव ऐकून परत यायचे, असे दीड वर्ष गेले. शेवटी १९८९ साली एका ओळखीच्या गृहस्थांनी आम्हांला तिथे चिकटवून दिले. हुद्दा असिस्टंटचा. काम हजेरीपटाचे, रजेच्या अर्जांचे आणि इंग्रजीतून येणाऱ्या नोटिसा मराठीत करण्याचे. कारखान्यात सहाशेच्या आसपास माणसे होती आणि त्या सहाशे माणसांशी कंपनी जे काही बोले, ते आमच्या मराठीत बोले. साहित्याच्या विद्यार्थ्याला एवढा मोठा वाचकवर्ग सुरुवातीलाच मिळणे ही साधी गोष्ट नव्हती.

आमचे पर्सोनेल मॅनेजर सुसंस्कृत गृहस्थ होते. नाट्यसंगीताचे दर्दी, टेबलाच्या खणात तंबाखूच्या डबीशेजारी दिवाळी अंक. कोणत्या कामगाराची मुलगी दहावीला आहे, कोणाची आई अंथरुणाला खिळली आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, की ते शॉप फ्लोअरवर उभे राहून भाषण करीत. 'आपण सारे एक कुटुंब आहोत' हे वाक्य त्यात दरवर्षी असे. ते वाक्य बोलताना ते खोटे बोलत होते, असे आम्हांला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

एकदा प्रेस शॉपमध्ये एका तरुण कामगाराच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. ॲम्ब्युलन्सची वाट न पाहता मॅनेजरसाहेबांनी त्याला स्वतःच्या गाडीतून इस्पितळात नेले. सीटवर पडलेले रक्ताचे डाग पुष्कळ दिवस तसेच होते. रात्री दहापर्यंत ते तिथे थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हांला अपघाताचा अहवाल सांगितला आणि कारणाच्या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहायला लावले. प्रेसची संरक्षक जाळी आठवडाभर काढून ठेवलेली होती, कारण जाळीसकट ठरलेले नग निघत नसत. हे त्यांना ठाऊक होते, आम्हांला ठाऊक होते, सुपरवायझरला तर होतेच. रात्री इस्पितळात बसलेला माणूस आणि सकाळी रकाना भरणारा माणूस हे दोन नव्हते. हे एकच गृहस्थ होते, आणि दोन्ही वेळा ते आपापल्या परीने प्रामाणिक होते. अहवाल आमच्या हस्ताक्षरात आहे.

१९९१ च्या जुलैत आर्थिक धोरण बदलले आणि पुढच्या वर्षी आमच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. 'स्वेच्छा' या शब्दामागे एक कायदा होता. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपात करायची, तर औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी लागे आणि ती सहसा मिळत नसे. कामगाराने आपणहून जायचे ठरवले, तर मात्र कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. तेव्हा त्याला आपणहून जावेसे वाटेल, असे काहीतरी करणे भाग होते. त्या 'काहीतरी'चा पहिला भाग म्हणजे एक पत्र आणि ते पत्र मराठीत आणायचे काम आमचे.

इंग्रजी मसुद्यात सगळीकडे 'वुई' होते. आम्ही सरळ भाषांतर केले: बदलत्या परिस्थितीत मनुष्यबळ कमी करण्याचा कठीण निर्णय आम्हांस घ्यावा लागत आहे. मॅनेजरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "अहो, 'आम्हांस' कशाला? 'आपण सर्वांनी घेतला आहे' असं करा. परकेपणा वाटता कामा नये." आम्ही बदल केला. खरे सांगायचे तर दुरुस्ती आम्हांला आवडली. वाक्याची लय सुधारली होती. त्या वेळी आमचे लक्ष लयीकडेच होते.

पत्र नोटीस बोर्डावर लागले आणि प्रत्येकाच्या हातातही गेले. दुपारच्या सुटीत टूलरूममधले एक जुने फिटर आमच्या टेबलापाशी आले. निवृत्तीला चार-पाच वर्षे उरलेली. पत्राची घडी उलगडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. नखाच्या कडेला ग्रीस होते.

"साहेब, मराठी तुमचं ना हे?"

आम्ही हो म्हणालो. त्यात थोडी प्रौढीही असावी.

"इथं लिहिलंय, हा कठीण निर्णय आपण सर्वांनी घेतला आहे. मी कधी घेतला?"

"तसं लिहायची पद्धत असते," आम्ही म्हणालो.

"असेल. मग खाली लिहिलंय, आपण आपला अर्ज ३१ तारखेच्या आत सादर करावा. ह्या 'आपण'मध्ये मात्र मी एकटाच दिसतोय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या जॉबचे माप चुकले आहे हे ड्रॉइंग पुढे करून दाखवावे, तसे त्यांनी दाखवले. आम्हांला उत्तर सुचले नाही. पत्राची घडी घालून खिशात ठेवत ते म्हणाले, "तुमचे वडील गिरणीत होते ना?" आणि निघून गेले.

होते. परळच्या एका गिरणीत आमचे वडील साचेखात्यात होते, वीस वर्षे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही अकरावीत होतो. पहिले काही महिने घरात चैतन्य होते, नंतर उसनवारी सुरू झाली, नंतर आईचे डाग गेले. पावसाळ्याच्या तोंडावर बाबा गावी गेले, ते शेती करण्यासाठी; पण शेती होती ती चार भावांची. चाळीच्या पत्त्यावर गिरणीकडून आलेले पत्र बाबांनी पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर जपून ठेवले होते. फिटर आमच्याकडे आले त्या दिवशी संध्याकाळी आम्ही ते काढून पुन्हा वाचले. दहा वर्षांपूर्वी ते वाचले होते, तेव्हा त्यातला फक्त अर्थ दिसला होता. आता भाषा दिसली.

'आपण' अमुक तारखेपासून विनापरवाना गैरहजर आहात. 'आपणांस' कामावर रुजू होण्याची संधी देण्यात आली होती. 'आपले' नाव हजेरीपटावरून कमी करण्यात येत आहे. बाबांना त्या गिरणीत इतक्या आदराने पूर्वी कोणी संबोधले नसेल. साचेखात्यात मुकादमाने 'अरे'च म्हटले, ऑफिसात गेले तर 'काय रे'. वीस वर्षांनंतर 'आपण' मिळाले, ते नाव काढताना. आणि नाव काढले कोणी? 'कमी करण्यात येत आहे.' या प्रयोगात कर्ता नसतो. पाऊस पडतो, रात्र होते, तसे नाव कमी होते. आमच्या लक्षात आले, की गेली तीन वर्षे आम्ही हेच मराठी लिहीत होतो आणि बऱ्यापैकी लिहीत होतो.

बाबांना आम्ही आमचे पत्र वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हे तू लिहिलंस?" आम्ही म्हटले, भाषांतर केले. ते म्हणाले, "आमच्या वेळी कुणी केलं असेल रे भाषांतर? तोही असाच कुणी शिकलेला मुलगा असेल." त्यांनी हे दूषण म्हणून म्हटले नसावे. त्यांना खरोखरच कुतूहल होते.

त्या कुतूहलापायी आम्ही पुढे बरेच वाचले. गिरणगावाचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवत गेली. मालक आणि व्यवस्थापक यांची कामगाराविषयीची वृत्ती शोधायला त्यांच्या मनात शिरावे लागत नाही. ते कामगाराला कोणत्या शब्दाने ओळखतात ते पाहिले तरी पुरते. इंग्रजीत तो 'हॅण्ड' होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये स्थापलेल्या संघटनेच्या इंग्रजी नावातही 'मिल हॅण्ड्स' आहे. मालकांचाच शब्द उसना घ्यावा लागला. लोखंडे स्वतः मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे खात्यातले नव्हते आणि मालकाच्या बैठकीतलेही नव्हते. त्या मधल्या जागेवरून त्यांनी 'दीनबंधु' चालवला आणि कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्या आज वाचताना संकोच वाटतो, इतक्या त्या साध्या आहेत: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, जखमी झाल्यास काही भरपाई. यांतली रविवारची सुटी मिळायला १८९० चा जून उजाडला.

मालकांचे म्हणणे काय होते? की कामगाराला स्वतःलाच कमी तास नको आहेत. तो आळशी आहे, कामात मन नाही, संधी मिळताच गावी पळतो. त्याच्यावर विसंबून गिरणी चालवायची कशी? हे मत पुढे इतक्या वेळा छापले गेले, की ते वस्तुस्थिती म्हणून पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या संशोधनात ही बाजू उलटून पाहिली. बाजार चढला की माणसे वाढवायची आणि उतरला की कमी करायची, ही मालकांची रीत होती, आणि तिला रोज दाराशी उभा राहणारा हंगामी कामगार लागत होता. बदली कामगार ही व्यवस्थेची गरज होती. ज्याला आज काम मिळेल की नाही हे सकाळी भोंगा झाल्यावर कळते, तो गाव सोडणार कसा? म्हणजे आधी माणसाला उपरा ठेवायचे आणि मग तो उपऱ्यासारखा वागतो, अशी तक्रार करायची.

१९२८ मध्ये एका माणसाने अधिक साचे चालवावेत अशी योजना आली, तेव्हा तिला इंग्रजीत 'रॅशनलायझेशन' हे नाव मिळाले. नावातच विवेक मालकांकडे जमा झाला. विरोध करणाऱ्याकडे मग अविवेकच उरतो. त्या संपात मुंबईच्या गिरण्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या.

१९८२ मध्ये तर प्रश्न थेट सर्वनामाचाच झाला, असे आम्हांला वाटते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगाला एकच प्रातिनिधिक संघटना मान्य केली होती, आणि गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही होती. संपावर गेलेले सुमारे अडीच लाख कामगार म्हणत होते, आम्ही डॉ. दत्ता सामंतांबरोबर आहोत. कायदा सांगत होता, 'आम्ही' म्हणून कोणी बोलायचे ते आधीच ठरलेले आहे. मालकांना सामंतांशी बोलायचे नव्हते आणि न बोलण्यासाठी त्यांना दुष्टपणा करावा लागला नाही. कायद्याकडे बोट दाखवणे पुरेसे होते. सामंतांच्या चुकांची यादी करता येते आणि ती करणारे पुष्कळ आहेत. ती यादी मान्य केली तरी एवढे उरतेच, की अडीच लाख माणसांना प्रथमपुरुषी अनेकवचन वापरण्याचा अधिकार नाकारला गेला. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. १६ जानेवारी १९९७ रोजी सामंतांचा खून झाला. तोवर, १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केल्यावर, चालू गिरणीपेक्षा बंद गिरणीच अधिक मोलाची ठरू लागली होती. कामगाराला 'हात' म्हणणाऱ्यांना निदान त्या हातांची गरज होती. आता तीही उरली नाही.

मग व्यवस्थापकांचे 'आपण' नेहमी फसवेच असते काय? असे म्हणणे सोपे आहे. पण न्यायाचे नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तरी एक गोष्ट विसरू नये. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीत शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, ती कारखान्याची खबर म्हणून. आणि तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. एका कारखान्याच्या 'आपण'मधून मराठीला एक मोठे मासिक मिळाले, याचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्येच आला, कायद्याने सांगण्याच्या कितीतरी आधी. आणि १९१८ च्या अहमदाबादमध्ये तर कुटुंब शब्दशः होते: मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूला त्यांची बहीण अनसूयाबेन आणि त्यांच्यासोबत गांधीजी. मालक वीस टक्क्यांवर ठाम होते, गांधीजींनी पस्तीस टक्के न्याय्य ठरवले होते. संध्याकाळी भाऊ-बहीण प्रेमाने भेटतात आणि सकाळी लढतात, याचे महादेवभाई देसाईंना केवढे अप्रूप!

पण या उदाहरणांचा शेवटही पाहावा. जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये संप झाले. अहमदाबादेत भावाच्या प्रेमाने पस्तीस टक्के मिळाले नाहीत. संप झाला, उपोषण झाले, लवाद नेमला गेला, तेव्हा मिळाले. चांगल्या मालकाने दिलेल्या सोयी आणि कामगाराने मागून घेतलेले हक्क यांत फरक काय, असे आम्ही वर्गात विचारत असू. सोय देणारा 'आपण' म्हणतो, आणि ती काढून घेताना त्याला पुन्हा 'आम्ही' होता येते. ऐकणाऱ्याला ती मुभा नसते. ज्या 'आपण'मधून बाहेर पडण्याचा किंवा 'नाही' म्हणण्याचा अधिकार एकाच पक्षाला आहे, ते निमंत्रण नसते. तो हुकूमच असतो, बोलण्याची रीत तेवढी सौम्य.

मराठी साहित्याने कामगार पुष्कळ लिहिला. मामा वरेरकरांनी 'सोन्याचा कळस' लिहिले, अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे आले, संपानंतरच्या घराची पडझड जयंत पवारांच्या 'अधांतर'मध्ये आली. अरुण साधूंच्या 'सिंहासन'मध्ये कामगारपुढारी आहे. पण टेबलापलीकडचा तो मॅनेजर, रात्री इस्पितळात बसणारा आणि सकाळी रकाना भरणारा, तो आमच्या वाचनात फारसा आला नाही. आला तर खलनायक म्हणून आला, किंवा नायकाचा व्यवसाय म्हणून एका ओळीत आला. याचे एक कारण असे असावे, की आपल्याकडे लिहिणाऱ्यांपैकी अनेक जण त्याच टेबलावर किंवा त्याच्या शेजारी बसलेले होते. शेजाऱ्याविषयी लिहिणे अवघड, स्वतःविषयी त्याहून.

आम्ही तरी कुठे लिहिले? १९९४ साली महाविद्यालयात नोकरी लागली, आणि कारखाना सुटला याचा आनंद इतका झाला, की तो विषयच मनाआड टाकला. यथावकाश विभागप्रमुख झालो. आमच्या विभागात कायम प्राध्यापक दोन आणि तासिका तत्त्वावरचे तीन. हे तिघे आमच्याइतकेच शिकलेले, एक तर आमच्याहून अधिक वाचलेली. त्यांना तासामागे पैसे. सुटीचे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत, मेचे तर नाहीतच. जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक. गिरणीच्या दारात सकाळी उभा असलेला बदली कामगार आम्ही शिकवत होतो आणि आमच्याच विभागात तो वहीत तास मांडत होता. आम्ही त्या वहीवर सही करीत होतो.

२०१७ च्या मार्चमध्ये महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची तयारी चालली होती. रविवारीही यायचे होते. बैठकीत आम्ही म्हणालो, "आपण सगळे एका कुटुंबासारखे आहोत, थोडे दिवस कळ काढू." वाक्य तोंडातून बाहेर पडताना कुठेही अडखळले नाही. बैठक संपल्यावर त्या बाई मागे थांबल्या. आमच्याच विद्यार्थिनी.

"सर, एक विचारू? मे महिन्यातही आपण कुटुंबच असतो का?"

पंचवीस वर्षांत आमच्याकडे उत्तर तयार झालेले नव्हते. आम्ही म्हणालो, "नियम वरून येतात." म्हणजे तेच: करण्यात येते, देण्यात येत नाही. त्या हसल्या, "हो सर" म्हणाल्या आणि रविवारी आल्याही. पुढल्या जूनच्या मुलाखतीला मात्र आल्या नाहीत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची चित्रफीत पसरली. तीत नव्वद तासांची गोष्ट होती आणि रविवारी कर्मचाऱ्यांना कामाला लावता येत नाही, याची खंत होती. लोक संतापले, विनोद झाले. आम्हांला त्यात लोखंड्यांचा रविवार आठवला. आणि दुसरेही एक जाणवले. मीही रविवारी काम करतो, असे त्या अध्यक्षांनी सांगितले होते आणि ते खरेच असेल. कष्टाच्या बाबतीत ते अगदी मनापासून 'आपण' म्हणत होते. आमचे मॅनेजरही म्हणत. आम्हीही म्हणालो होतो, आणि त्या रविवारी आम्हीसुद्धा सकाळी आठला हजर होतो. कष्टाच्या वाटणीत माणूस सहज 'आपण' होतो. अडचण येते ती बाकीच्या वाटणीत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कपातीसाठी परवानगीची जी मर्यादा शंभर कामगारांची होती, ती तीनशे झाली. म्हणजे अनेक कारखान्यांना यापुढे 'स्वेच्छा' हा शब्द वापरण्याचीही गरज पडणार नाही. भाषांतरकाराचे एक काम कमी झाले.

आम्ही निवृत्त झालो, त्या दिवशी विभागाने निरोप दिला. तासिका तत्त्वावरच्या एका नव्या मुलाने मानपत्र लिहिले होते. मराठी चांगले होते, लय होती. त्यात 'आपण' हा शब्द बराच होता, आणि तो आदरार्थी होता, की आम्हां सर्वांना कवेत घेणारा, हे शेवटपर्यंत आम्हांला ठरवता आले नाही. विचारावेसे वाटले. पण मेचा पहिला आठवडा होता, आणि त्याला एका शिकवणीला जायची घाई होती.

असो. बाबांची पत्र्याची पेटी आता आमच्याकडे आहे. गिरणीचे पत्र तीत आहे. त्याच्याखाली १९९२ चे आमचे पत्रही आम्ही ठेवले आहे. भाषांतरकाराचे नाव त्यावर नाही.